खिसा सांभाळा, दादर आलं!

मुंबई बघायची कुठे, असं कुणी विचारलं तर मी दादर स्टेशनचा पूल सांगते. वेस्टर्न आणि सेंट्रल, दोन्ही लाइन्सची गर्दी इथे एकमेकींना भेटते. शेजारीच फुलबाजार, आणि संध्याकाळी सातला खांद्याला खांदा. मला ही गर्दी आवडते. पाकीटमारांनाही!

त्यांचा सगळा खेळ टायमिंगचा. लोकल आली की आपलं लक्ष फक्त आत शिरण्याकडे. धक्का एक जण देतो, हात दुसऱ्याचा असतो, माल तिसऱ्याकडे पोचतो. म्हणून पाकीट पुढच्या खिशात, सॅक पोटावर, पर्सच्या चेनवर हात. दारात उभं राहून चॅटिंग तर नकोच! रुळांलगतची ‘फटका गँग’ हातावर काठी मारून मोबाइल पाडते. तोल गेला तर प्रश्न जिवाचा.

आता खरा ऐवज म्हणजे फोन, कारण आपली बँक त्यातच. *#०६# डायल करून आयएमईआय नंबर आजच घरी लिहून ठेवा. फोन गेलाच, तर आधी सिम आणि यूपीआय बंद करा. मग रेल्वे पोलिसांत तक्रार आणि त्या तक्रारीवरून ‘संचार साथी’ पोर्टलवर हँडसेट ब्लॉक.

आणि हो, धावत येणाऱ्याला हात देऊन डब्यात ओढून घेणारीही हीच गर्दी. शेजारच्याकडे चोर म्हणून बघत प्रवास कशाला करायचा? सॅक पुढे घ्या, बिनधास्त चढा!