लेकीला घेऊन मिस्फातला

मस्कतहून निघताना आमच्या गाडीत माणसं तीन आणि सामान सात जणांचं होतं. लेक सात महिन्यांची. तिचे लंगोट, दोन थर्मास, नाचणीच्या सत्त्वाचा डबा, गोधडी, तापाचं औषध आणि डिकीत घडी घालून ठेवलेली बाबागाडी. ती बाबागाडी चार दिवस डिकीतून बाहेर निघालीच नाही, हे आधीच सांगून टाकतो.

आम्ही मूळचे रत्नागिरीकडचे. नोकरीमुळे मस्कतच्या रुवी भागात राहतो. बाळंतपणासाठी अम्मी तीन महिने येऊन राहिल्या, मग व्हिसा संपला आणि त्या परत गेल्या. त्यानंतर फ्लॅटमध्ये आम्ही तिघंच. आमच्यातल्या एकाला सकाळी सहाला ड्यूटीवर जायचं असतं, म्हणून रात्रीची झोप त्याची आणि जागरण दुसरीचं, असं न बोलताच ठरून गेलं होतं. चार महिन्यांत ती सलग तीन तास झोपली नव्हती. ती चिडत नव्हती, रडत नव्हती. फक्त बोलणं कमी होत गेलं. घरात राहून आम्हाला जे कळलं नाही ते अम्मींना फोनवर कळलं. "तिला घेऊन कुठं तरी जा," म्हणाल्या. आणि आम्ही जागेचं नाव सांगितल्यावर, "एवढ्याशा जिवाला डोंगरात कशाला नेता?" असंही त्याच म्हणाल्या.

जागा म्हणजे मिस्फात अल-अब्रियीन. मस्कतहून निझवा, निझव्याहून अल-हमरा आणि तिथून वळणावळणाचा चढ. एरवी अडीच-तीन तासांचा रस्ता. आम्हाला पाच लागले, कारण लेकीला दर पाऊण तासाने काही तरी हवं होतं. निझव्याचा किल्ला, शुक्रवारचा बकऱ्यांचा बाजार, बहला, जबरीन, जबल शम्सची दरी, अशी मोठी यादी आम्ही केली होती. निझव्याचा गोल बुरूज गाडीच्या काचेतून पाहिला. बाकी यादी तशीच राहिली.

मिस्फातची जुनी घरं दगड-मातीची, थेट मोठमोठ्या खडकांवर उभी केलेली. कुठं भिंत संपते आणि कुठं डोंगर सुरू होतो ते कळत नाही. गाडी वेशीवरच ठेवायची. आत बोळ, पायऱ्या, पुन्हा बोळ. काही बोळांवर छपरं, त्यामुळे भर दुपारीही सावली. वेशीवरच पाटी आहे, खांदे आणि गुडघे झाकलेले कपडे घाला अशी. गावात लोक राहतात, हे आलेल्यांनी विसरू नये म्हणून. लेकीला ओढणीने छातीशी बांधून आम्ही खाली उतरलो.

उतरलो ते एका कुटुंबाच्या जुन्या घरात. खजुराच्या खोडांचं छत, ठेंगणं दार, जमिनीवर गाद्या. पलंग नाही हे पाहून आम्हाला जरा वाईट वाटलं होतं, पण रांगायला लागलेल्या बाळासाठी याहून चांगली खोली नाही. पडायला जागाच नाही.

पहिल्या दिवशी आम्ही फार तर दोनशे पावलं चाललो असू. फलजपाशी बसलो. फलज म्हणजे डोंगरातल्या झऱ्याचं पाणी कड्याच्या कुशीतून वळवत आणणारा पाट. रुंदी हातभर, पण वाहता आणि काचेसारखा स्वच्छ. खाली पायऱ्यापायऱ्यांची शेतं, त्यांत खजूर, केळी, लिंबू, डाळिंब. ओमानमध्ये असे सुमारे 3000 फलज अजून चालू आहेत, आणि त्यांतल्या पाचांना 2006 साली युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून नोंदवलं. मिस्फातचा त्या पाचांत नाही, पण लेकीला त्याने काही फरक पडला नाही. पाण्यात बोट घालायचं, दचकायचं, हसायचं, पुन्हा घालायचं. तास गेला. आमच्या घरात इतका वेळ कुणाच्याही हातात मोबाईल नाही, असं बऱ्याच दिवसांनी झालं.

त्या रात्री दोनच्या सुमाराला ती नेहमीप्रमाणे उठली आणि तिच्यामागे तिची आई गच्चीवर गेली. खाली अंधारात बॅटरीचा उजेड हलताना दिसला. एक माणूस पाटाशी वाकला, चिंध्या गुंडाळलेला दगड एका तोंडातून काढून दुसऱ्या तोंडात घातला आणि निघून गेला. पाण्याचा आवाज बदलला.

सकाळी घरच्या मुलाने उर्दूत समजावून सांगितलं. फलजवर पिण्याच्या पाण्याचा हक्क पहिला, मग वुजू आणि धुण्याचा, शेतीचा शेवटी. शेतीचं पाणी वेळेने वाटतात. साधारण अर्ध्या तासाचा एक हिस्सा, त्याला अथर म्हणतात. पूर्वी दिवसा काठीच्या सावलीवरून आणि रात्री ताऱ्यांवरून हिस्से मोजत. आता मनगटावर घड्याळं आहेत. रात्रीचं पाणी आलं तर रात्री उठायचं. पांझरेकाठची फड पद्धत ज्यांना माहीत आहे त्यांना हे ओळखीचं वाटेल. तिथे पाटकरी असतो, इथे अरीफ. "मग एकाच घराला रोज रात्रीचं पाणी आलं तर?" आमच्यातल्या आईने विचारलं. तो हसला. तसं होत नाही म्हणाला, पाळी फिरत राहते.

ती आणखी काही बोलली नाही. बापाने मान खाली घातली, एवढं खरं.

त्या संध्याकाळी ठरलं. रात्री दोनपर्यंत एक, पुढे फज्रपर्यंत दुसरा. एक दूध बाटलीचं, गरम पाणी थर्मासमध्ये तयार. ऐकायला सोपं आहे. लेकीला बापाची सवयच नव्हती; तिने असा आकांत मांडला की शेजारच्या घरात दिवा लागला. आईला उठू द्यायचं नाही म्हणून तो तिला गोधडीत गुंडाळून पाटाकडे घेऊन गेला. बाहेर गारठा होता. पाण्याच्या आवाजाजवळ उभं राहून, येत होत्या तेवढ्या सगळ्या सूरा म्हणून झाल्यावर कधी तरी ती निजली. आई उठली ती अजान ऐकून, आणि पहिल्यांदा घाबरली, कारण कुणी रडत नव्हतं.

फज्रला मशिदीत गेलो तेव्हा आजूबाजूला सगळे इबादी, हात खाली सोडून उभे. आम्ही शाफई, हात बांधून. कुणी वळून पाहिलं नाही. नंतर कहवा आणि खजूर मात्र हातात आलेच. पुरे असेल तर पेला हलवायचा असतो; हे माहीत नसल्यामुळे पाच पेले प्यायलो.

घरच्या म्हाताऱ्या बाईंना आम्ही खाला म्हणू लागलो होतो. भाषा एकमेकींना येत नव्हती, पण लेक त्यांच्या मांडीवरून हलत नसे. रखाल म्हणजे कागदासारखी पातळ भाकरी, तिच्यावर मध. तो मध बोटावर घेऊन त्या लेकीच्या ओठांशी नेऊ लागल्या. इथे आम्हाला मध्ये पडावं लागलं. एक वर्ष होईपर्यंत मध द्यायचा नाही, चाटणसुद्धा नाही. त्यात असू शकणारे बोट्युलिझमचे जिवाणू तान्ह्या आतड्यांना झेपत नाहीत. पण प्रेमाने पुढे आलेला हात कसा मागे सारायचा? लेकाने त्यांना अरबीत सांगितलं. त्या क्षणभर गप्प झाल्या. मग उठल्या, एक खजूर पाण्यात भिजवला, साल आणि बी काढून चमच्याने कुस्करला आणि आमच्याकडे पाहिलं. आम्ही मान हलवली. तिने सगळा खाल्ला.

शेवटच्या दिवशी माडांवर नर-फुलोरा बांधायचं काम चाललं होतं. कंबरेला दोर वेढून माणूस सरसर वर जातो. आमच्याकडचा पाडेली आठवला. लेक मान वर करून पाहत राहिली, माशाअल्लाह, दहा मिनिटं. आम्हीही. दुसरं काही करायचं नव्हतं.

परत येताना ती रुवीपर्यंत झोपली, आणि तिची आईही. बाबागाडी डिकीतून काढली, धूळ पुसली. आता रात्री दोन वाजले की गजर होतो आणि पाळी बदलते. काही रात्री गजर होऊनही आमच्यातला एक उठत नाही. मग दुसरी त्याला कोपराने ढोसते आणि म्हणते, "उठा, तुमचं पाणी आलं."