मक्षिकास्थाने मक्षिका

‘मक्षिकास्थाने मक्षिका’ हा शब्दप्रयोग आमच्या विद्यार्थ्यांनी पुष्कळदा ऐकला असेल. कित्येकांनी तो आपल्या वहीत लाल शाईने लिहिलेलाही पाहिला असेल. त्याची कथा अशी सांगतात, की एका लेखनिकास जुन्या पोथीची नक्कल करावयास दिली असता मूळ पानावर चिरडून चिकटलेली एक माशी त्यास आढळली. बिचाऱ्याने मोठ्या खटपटीने दुसरी माशी मारली आणि आपल्या नकलेत नेमकी त्याच जागी चिकटवून दिली! शब्दशः अर्थ ‘माशीच्या जागी माशी’ एवढाच; पण ‘त्याने उतारा मक्षिकास्थाने मक्षिका लिहून काढला’ अशा वाक्यात हे दोन शब्द मिळून क्रियाविशेषणाचे काम करतात.

लेखनिकाचा दोष कोणता? नक्कल बरोबर केली हा नव्हे खास. ‘हुबेहूब’, ‘तंतोतंत’ हे तर स्तुतीचे शब्द. ‘बरहुकूम’ वागणाऱ्यास निदान हुकूम समजलेला असतो. ‘निमूटपणे’ ऐकणाऱ्याचे तोंड मिटलेले असते, मन नव्हे. आमच्या लेखनिकास माशी स्वच्छ दिसली होती. ती अक्षर नव्हे, हे मात्र त्याने मनाला विचारले नाही.

अनुकरणाची निंदा आम्ही करीत नाही. आमच्या घरी कोंकणी. मराठी आम्ही शाळेत गुरुजींच्या तोंडाकडे पाहूनच शिकलो. ज्ञानेश्वरी आपल्यापर्यंत पोचली तीही नकला करणाऱ्यांच्या हातून. परंतु नकलेवरून नक्कल होता होता तिच्यात अपपाठ शिरले, तेव्हा शके १५०६ मध्ये, म्हणजे इ. स. १५८४ मध्ये, एकनाथांनी ती शुद्ध केली. आणि यापुढे कोणी पदरची ओवी तीत घालू नये, असेही बजावले. चूक पुढे चालवावयाची नाही आणि आपले काही घुसडावयाचेही नाही. असे लेखन किती कठीण!

ज्ञानेश्वरीचे नाव येथे उगाच आले नाही. काही वर्षांपूर्वी आम्ही वर्गात संतांविषयी टिपण देत होतो. फळ्यावर लिहिले, ‘ज्ञानेश्वरांचा जन्म इ. स. १२७५’, आणि त्याखाली, घंटा होण्याच्या घाईत, ‘ज्ञानेश्वरी इ. स. १२१२’. शके लिहावयाचे तेथे इसवी सन पडले. जन्माच्या त्रेसष्ट वर्षे आधी ग्रंथ सिद्ध झाला! सगळ्या वर्गाने तो सुवाच्य अक्षरात उतरवून घेतला.

चाचणीत एका मुलीने ‘शके १२१२, इ. स. १२९०’ असे लिहिले. आम्ही टिपण समोर ठेवून पेपर तपासीत होतो. आकडा जुळेना, म्हणून तांबडी फुली मारली. त्या एका गुणाने तिचा पहिला क्रमांक गेला.

पेपर परत दिल्यावर ती काही बोलली नाही. तिची वही सहज हाती आली तेव्हा समासात बारीक अक्षरांत मांडलेली बेरीज दिसली: १२१२ अधिक ७८. आम्ही चपापलो. “मग सांगितले का नाहीस?” असे विचारताच ती खाली मान घालून म्हणाली, “सर, फळ्यावर तुम्ही लिहिलं होतं.”

तिला गुण दिला. दुसऱ्या दिवशी वर्गात चूक कबूल केली आणि साऱ्यांना वह्या दुरुस्त करावयास सांगितले. क्रमांक मात्र आधीच वाचून झाले होते. ते वर्गात पुन्हा वाचण्याचे धैर्य आम्हांस झाले नाही, हेही येथे लिहून ठेवले पाहिजे.

पुढच्या वर्षी तेच टिपण आम्ही नीट पाहून फळ्यावर लिहिले. वह्या तपासताना एका मुलाच्या वहीत, नव्याकोऱ्या शाईत, ‘ज्ञानेश्वरी इ. स. १२१२’ असे आढळले. त्या दिवशी तो गैरहजर होता. टिपण त्याने थोरल्या भावाच्या वहीवरून उतरवून घेतले होते.