पेन्सिलीची रेघ

परवा नात शाळेतून आली ती छातीवर ‘जी. ए.’ अशी ठळक अक्षरं मिरवीत. मी म्हटलं, “अगं, हे काय?” तर म्हणाली, “आजी, मी गोल अटॅक!” आमच्या नगरात मुली नेटबॉल खेळतात हे मला, मैत्रिणींनो, तेव्हा कळलं. आम्ही वाढलो खो-खो नि लंगडीवर!

मग तिनं सगळं समजावलं. दोन्हीकडे सात-सात जणी. उंच खांबाला रिंग, पण मागे फळी नाही. चेंडू आपटत पळायचं नाही. हाती आला की तीन सेकंदांत सोडायचा. आणि प्रत्येकीनं आपापल्या कप्प्यातच राहायचं.

“म्हणजे खेळातसुद्धा बायकांना चौकट आहेच!” मी म्हटलं.

पण त्या चौकटीची हकिकत मोठी गमतीची आहे. १८९१ साली अमेरिकेत नेस्मिथ नावाच्या शिक्षकानं बास्केटबॉल काढला. क्लारा बेअर या शिक्षिकेनं त्याच्याकडून नियम मागवले. सोबतच्या आकृतीत, कोणी साधारण कुठे खेळावं हे दाखवायला, पेन्सिलीच्या रेघा होत्या. बाईंना वाटलं, या ओलांडायच्याच नाहीत! मुलींच्या खेळात कप्पे आले ते असे, असं सांगतात. पुढे इंग्लंडमधल्या मुलींनी लांब झग्यांत धावत हा खेळ आपलासा केला आणि १९०१ साली त्याचे नियम छापले गेले. आपल्याकडे १९७८ साली नेटबॉल फेडरेशन ऑफ इंडिया स्थापन झाली, आणि २०१० च्या दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत आपल्या मुलीही खेळल्या.

हे ऐकताना मला १९७९ साल आठवलं. माझं नवीन लग्न झालेलं. खो-खोच्या बाईंनी निरोप पाठवला, “संध्याकाळी सरावाला येत जा.” मी परस्पर कळवलं, “सासूबाईंना चालणार नाही.” पुष्कळ वर्षांनी, त्या अंथरुणाला खिळल्या तेव्हा, सहज बोलता बोलता हे निघालं. त्या म्हणाल्या, “अगं, पण तू मला विचारलंस कुठे?”

काय उत्तर देणार होते मी? रेघ त्यांनी ओढलीच नव्हती!

आता खरी गोष्ट सांगते. नातीकडूनच कळलं की, इथल्या हौशी संघाच्या सरांनी आमच्या सूनबाईला मदतीला बोलावलं होतं. हौशी म्हणजे पगार नाही; फक्कीनं मैदान आखायचं, शिट्टी वाजवायची, मुलींना पाणी द्यायचं. सूनबाई कॉलेजात खेळलेली. पण तिनं कळवलं, “घरी आईंना चालणार नाही.”

माझ्या पोटात चर्रर्र झालं. रात्री भांडी आवरताना मी तिला म्हटलं, “अगं, मला विचारलंस कुठे?”

ती आधी गप्प राहिली, मग हसली. आता आठवड्यातून तीन दिवस संध्याकाळच्या पोळ्या माझ्याकडे. थोड्या जाड होतात. कुणी बोलत नाही!

तुमच्याही घरात अशी एखादी रेघ असेल. कुणी ओढली, एकदा विचारून तर बघा.