आवारातला क्रूस

इंग्लंडमधील ग्लॉस्टरशर परगण्यात अँप्नी क्रूसिस नावाचे एक खेडे आहे. गावाच्या नावातच क्रूस! लेकीकडे गेलो असता एका रविवारी आम्ही उभयतांनी ते पाहिले. देवळाच्या आवारात पंधराव्या शतकातील दगडी क्रूस उभा आहे. खाली पायऱ्या, वर उंच खांब आणि माथ्यावर लहानशा देव्हाऱ्यासारखे कोरीव शीर्ष. त्यात एका अंगाला क्रुसावरील प्रभू, दुसऱ्या अंगाला बाळ येशूसह मरियामाता.

मध्ययुगात गोरगरिबांच्या कबरीवर नावाचा दगड क्वचितच असे. आवारातला हा एकच क्रूस साऱ्या मृतांचा. आजा, पणजा, पाळण्यातच गेलेली लेकरे, सर्वांची खूण तीच. झावळ्यांच्या रविवारी मिरवणूक ख्रिस्तशरीरासह आवारातून फिरून त्या क्रुसापाशी थांबे. तिकडे माड कुठले! लोक यू वृक्षाच्या फांद्या हाती घेत. (आम्हांला झावळ्यांचा तोटा नाही, म्हणून मोलही नाही.) आवारात बाजारसुद्धा भरत, १२८५च्या कायद्याने त्यास मनाई झाली.

पुढे धर्मसुधारणेची लाट आली. १६४३ साली पार्लमेंटने असे क्रूस काढून टाकण्याचा हुकूम केला. कित्येक गावी आज नुसत्या पायऱ्या आणि मोडका खांब दिसतो. अँप्नीचे शीर्ष मात्र देवळाच्या भिंतीत चिणलेले होते. ते एकोणिसाव्या शतकात सापडले आणि पुन्हा खांबावर चढले. ज्या हातांनी ते चिणले, त्यांना काही तो दिवस दिसला नाही.

हे ऐकून आम्ही गप्प झालो. वसईतील आमच्या वाडीचा क्रूस प्लेगच्या साथीत पूर्वजांनी उभारलेला. रस्ता रुंद झाला तेव्हा तो उतरवला आणि आमच्या पडवीत गोणपाटात गुंडाळून ठेवला. नऊ वर्षे झाली. मे महिन्यातली त्याच्यापुढची जपमाळ आधी घरोघरी विखुरली, मग थांबली. भावकीत जागेवरून वाद, असे आम्ही विचारणाऱ्यांना सांगत असू. खरे म्हणजे रस्त्यालगतचा कोपरा आमचा होता, आणि नकारही आमचाच.

परतल्यावर आम्ही थोरल्या चुलतभावांच्या घरी गेलो. कोपरा देतो, एवढेच बोललो. दादांनी आत वळून चहा टाकायला सांगितला. जुना विषय काढला नाही. दुसऱ्या दिवशी दोघांनी मिळून गोणपाट सोडले. क्रुसाच्या एका बाहूवर कुंभारमाशीने मातीचे घर केले होते.