‘मन घट्ट कर’ म्हणालो होतो

गेल्या वर्षी एका मित्राचा रात्री अकराला फोन आला. म्हणाला, "मोबाईलवर ते बघणं सुटत नाहीये रे. ऑफिसच्या टॉयलेटमध्येसुद्धा बघतो आता." लग्न झालेला माणूस, एक मुलगी. मी काय सांगावं? "मन घट्ट कर, पहाटे पळायला जात जा." तो "बरं" म्हणाला आणि पुढचे चार महिने माझ्याशी बोललाच नाही.

त्याची लाज वाटून थोडं वाचलं, ते इथे मांडतोय. विषय ‘तसला’ आहे, ज्यांना नको त्यांनी खुशाल पुढे जावं.

जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या नव्या यादीत, म्हणजे २०२२ पासून लागू झालेल्या आयसीडी-११ मध्ये, अनिवार लैंगिक वर्तन हा विकार म्हणून नोंदला आहे. साधारण सहा महिने किंवा जास्त काळ ऊर्मी आवरता येत नाही, आणि त्यापायी घर, काम, तब्येत यांची वाट लागते, तेव्हा. त्याला व्यसनांच्या रांगेत बसवलेलं नाही, ऊर्मीवरचा ताबा सुटण्याच्या विकारांत ठेवलंय. आणि एक फार मोलाची अट घातलीय: नुसतं ‘हे पाप आहे’ म्हणून मन खात असेल तर तेवढ्यावर निदान करायचं नाही. आपल्याकडे रेल्वेरुळांलगतच्या भिंती रंगवणाऱ्या गुप्तरोगवाल्यांचा सगळा धंदाच या मन खाण्यावर चालतो. र. धों. कर्वे १९२७ ते १९५३ ‘समाजस्वास्थ्य’मधून याच भीतीशी भांडत होते, तरी भिंती रंगलेल्याच.

आता उपायाचं. डॉक्टरसमोर बसून हे बोलायला जीभ रेटत नाही, म्हणून घरबसल्या, ऑनलाइन, स्वतःच करायचा कार्यक्रम चालेल का? हंगेरियन संशोधक बेआटा बोथे आणि सहकाऱ्यांनी ‘हँड्स-ऑफ’ नावाचा असा सहा आठवड्यांचा कार्यक्रम करून पाहिला, निकाल २०२१ मध्ये आले. २६४ लोक, चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट. एकाला कार्यक्रम लगेच, दुसऱ्याला थांबायला सांगितलं. शेवटपर्यंत टिकलेल्यांचं बघणं आणि ओढ दोन्ही कमी झालं. पण टिकले किती? कार्यक्रमवाल्या गटात दहातला जेमतेम एक! थांबलेल्यांपैकी मात्र निम्म्याहून जास्त शेवटी उत्तरं द्यायला हजर होते.

म्हणजे ‘ॲप डाउनलोड करा, सुटका मिळवा’ असं कुणी सांगत असेल तर जरा दमानं घ्या. जे टिकले ते मुळातच जास्त निर्धाराचे असतील. गळाले त्यांना बरं वाटलं की आणखी लाज वाटली, ते कळत नाही. तरी मला वाटतं असं काही मराठीत असायला हवं, पण सोबत एखादा जिवंत आवाज हवा. बेंगळुरूच्या निम्हान्समध्ये तंत्रज्ञानाच्या अतिवापरासाठी २०१४ पासून ‘शट’ क्लिनिक आहे, पण आपल्या तालुक्यातून बेंगळुरूला कोण जाणार? सरकारची टेली-मानस हेल्पलाइन आहे: १४४१६. चोवीस तास, फुकट, मराठीत.

मित्राला शेवटी मीच फोन केला, माफी मागितली आणि हा नंबर दिला. दोनदा त्याने लावून कट केला म्हणे. तिसऱ्यांदा बोलला. "पलीकडून पहिला प्रश्न काय आला माहितीय? रात्री झोप लागते का, म्हणून विचारलं," एवढंच त्याने मला सांगितलं.