वऱ्हाडची जुनी राजधानी आणि कॅमेरा

राजधानीचें शहर पाहावयास निघालेल्या कुटुंबांत हल्लीं निदान तीन-चार कॅमेरे असतात. कारण प्रत्येकाच्या खिशांतील मोबाइल हा कॅमेराच झाला आहे. परंतु उभें कोठें राहावें, हा प्रश्न मात्र पूर्वींइतकाच अवघड आहे. दिल्लीस गेलेला इंडिया गेटसमोर उभा राहतो, मुंबईस गेलेला गेटवेच्या कमानीसमोर. आणि घरीं परतल्यावर शेजाऱ्यांच्या चित्रांशीं आपलीं चित्रें ताडून पाहावीं, तर पुढें उभ्या असलेल्या मंडळीखेरीज त्यांत फरक आढळत नाहीं. तीं चित्रें घेऊंच नयेत असें आमचें म्हणणें नाहीं. पण जिच्याकडे फारसें कोणी फिरकत नाहीं अशी एक राजधानी आपल्या घराजवळ असतां कॅमेरा तिकडे कां वळूं नये, एवढेंच आम्हांस विचारावयाचें आहे.

वऱ्हाडची राजधानी कोणती, असें घरांतील मुलांस विचारलें तर तीं अमरावती म्हणतील, अकोल्याचीं मुलें अकोला म्हणतील. खरें उत्तर अचलपूर हें आहे. अमरावतीच्या वायव्येस सुमारें ५० किलोमीटरवर, सातपुड्याच्या पायथ्याशीं हें शहर वसलें आहे. त्याचें नांव ईल नांवाच्या राजावरून पडलें अशी दंतकथा आहे, आणि इंग्रजी दप्तरांत तें एलिचपूर म्हणून नोंदलें गेलें. परंतु बाराव्या शतकांतील हेमचंद्रानें आपल्या प्राकृत व्याकरणांत ‘अचलपूर’ शब्दांतील च आणि ल यांची अदलाबदल होते असा एक खास नियमच देऊन ठेविला आहे. गुजरातेंत बसलेल्या वैयाकरणानें ज्याच्या उच्चाराची दखल घ्यावी, तें गांव लहान नसलें पाहिजे. जवळच्या चम्मक गांवीं वाकाटक राजा दुसरा प्रवरसेन याचा ताम्रपट सांपडला, यावरून या भागाच्या प्राचीनतेची कल्पना येते. पुढें बहामनी राज्य मोडकळीस आलें असतां फत्तेउल्ला इमाद-उल्-मुल्क यानें १४९० च्या सुमारास इमादशाही स्थापन केली, आणि १५७४ मध्यें अहमदनगरच्या निजामशाहीनें ती गिळली. हा फत्तेउल्ला मूळचा विजयनगरच्या मुलखांतील कानडी हिंदु कुळांतला, लहानपणीं लढाईंत सांपडलेला, असें तवारिखांत सांगितलें आहे. वाचकांनीं ही गोष्ट लक्षांत ठेवावी. गाविलगडावर तिचा उपयोग होईल.

आतां छायाचित्राच्या जागा शोधण्याची आमची रीत सांगतों. कोणत्याहि राजधानींत ‘प्रेक्षणीय स्थळें कोणतीं?’ असें विचारण्यापूर्वीं ‘या शहरास राजधानी होण्यास काय लागलें?’ असें आपल्या मनास विचारावें. राजधानीस पाणी लागतें, भिंत आणि वेस लागते, आणि संकटकाळीं पाठ टेकावयास डोंगर लागतो. या तीन वस्तु जेथें असतील तेथें चांगलें चित्र बहुधा सांपडतेंच. कारण राज्यकर्त्यांनीं आपला पैसा आणि आपल्या कारागिरांची बुद्धि तेथेंच ओतलेली असते.

अचलपुरास पाण्याची जागा म्हणजे हौज कटोरा. शहराबाहेर एका जुन्या हौदाच्या मध्यभागीं ही अष्टकोनी, मजलेदार, कमानींची इमारत उभी आहे. आठ बाजूंच्या इमारतीचा गुण असा कीं, दोन प्रहरच्या उन्हांत ती कागदाच्या कात्रणासारखी चपटी दिसते. परंतु सूर्य कलता असला म्हणजे एक बाजू उजळते, दुसरी अर्धवट उजेडांत राहते आणि तिसरी सावलींत जाते. त्या तीन छटांमुळेंच तिची गोलाई चित्रांत उतरते. म्हणून येथें सूर्योदयानंतरच्या किंवा सूर्यास्तापूर्वींच्या तासाभरांतच जावें. हौदांत पाणी असेल तर कॅमेरा जितका खालीं नेतां येईल तितका न्यावा, म्हणजे प्रतिबिंबहि पदरांत पडतें. पाणी नसेल तर दूर जाऊन, भोंवतालच्या शेतांसह संबंध इमारत घ्यावी. पहिल्या चित्रांत राजाचें वैभव येतें, दुसऱ्यांत त्याचा शेवट येतो. आणि आमच्या मतें दुसरें चित्र अधिक बोलकें होतें.

वेशीसाठीं दुल्हा दरवाजा पाहावा. येथें बहुतेक लोक समोर उभे राहून चित्र घेतात. आम्ही मात्र आंतल्या बाजूनें बाहेर पाहतों. म्हणजे कमानीची काळी चौकट होते आणि तिच्यांतून सायकलस्वार, भाजीची गाडी, शाळेंतून परतणारीं मुलें हें आजचें शहर दिसतें. मोबाइलनें चित्र घेतांना बोट उजेडाच्या भागावर टेकवावें, नाहीं तर कमान स्पष्ट येते आणि बाहेरचें सारें पांढरें फटक होतें. आणखी एक गोष्ट: घरांतील एका माणसास दरवाज्यालगत उभें करावें. नुसत्या दरवाज्याच्या चित्रावरून तो दहा फूट उंच कीं चाळीस फूट, हें कोणास सांगतां येत नाहीं. आत्याबाई शेजारीं उभ्या राहिल्या कीं उंचीचा वाद मिटतो. ज्या दुल्हा रहमान शहावरून दरवाज्यास नांव मिळालें त्यांच्या दर्ग्यांत जावयाचें असल्यास पादत्राणें बाहेर ठेवावीं, तेथील व्यवस्थापकांस विचारावें, आणि प्रार्थनेस बसलेल्या माणसावर कॅमेरा रोखूं नये. आपल्या देवघरांत परक्यानें तसें केलेलें आपणांस खपणार नाहीं.

राहिला डोंगर. परतवाड्यावरून घाट चढून चिखलदऱ्यास गेलें म्हणजे गाविलगड हांकेच्या अंतरावर येतो. बहामनी सुलतान अहमदशहानें १४२५ च्या सुमारास हा गड बांधविला, इमादशाहीनें तो वाढविला, आणि १५ डिसेंबर १८०३ रोजीं आर्थर वेलस्लीच्या फौजेनें नागपूरकर भोसल्यांच्या हातून तो घेतला; त्यानंतर दोनच दिवसांनीं देवगांवचा तह झाला. चिखलदऱ्यास आलेली मंडळी पंचबोल, देवी पॉइंट, भीमकुंड येथें दऱ्यांचीं चित्रें घेऊन परततात. तीं सुंदर येतातच. परंतु तशी दरी महाबळेश्वरासहि आहे. गाविलगडाचा दिल्ली दरवाजा मात्र इतरत्र मिळावयाचा नाहीं. त्यावर हत्तींना पंज्यांत धरणारे सिंह आणि दोन मस्तकांचा गंडभेरुंड पक्षी कोरलेला आहे. गंडभेरुंड हें विजयनगरच्या बाजूचें चिन्ह. तें वऱ्हाडच्या सुलतानाच्या दरवाज्यावर कसें आलें, याचा विचार करूं लागलें म्हणजे कानडी मुलखांतून धरून आणलेल्या त्या मुलाची आठवण होते. आमच्याबरोबरच्या मुलांनीं ही हकीकत ऐकल्यावर पुढचा पाऊण तास दुसरें कांहीं चित्रित केलें नाहीं. इतिहास माहीत असलेला कॅमेरा कोठें थांबावें हें आपोआप जाणतो.

कोरीव कामाचें चित्र घेतांना उजेड समोरून नव्हे, बाजूनें यावा. तरच उठाव दिसतो. गडाच्या दक्षिण कडेवरून खालीं वऱ्हाडचें मैदान पसरलेलें दिसतें. हें आमच्या मतें राजधानीचें सर्वोत्तम चित्र होय. शहराच्या आंत उभें राहून राजधानी कळत नाहीं. जेथून राजा तिच्याकडे पाहत असे तेथून ती कळते. गडावरून सूर्यास्तापूर्वींच परतावें, कारण हा मेळघाटचा वन्य मुलूख आहे. येथें ड्रोन उडविण्याचा मोह आवरावा, आणि तिपाई लावावयाची असल्यास पुरातत्त्व खात्याची परवानगी आगाऊ घ्यावी.

इमादशाही बुडाल्यावर सत्तेचें ठाणें कांहीं एका जागीं स्थिर राहिलें नाहीं, आणि त्याच्या मागोमाग कॅमेराहि फिरविण्यासारखा आहे. अकबराचा पुत्र मुराद बाळापुरास राहिला व जवळच त्यानें शहापूर वसविलें. अकोल्याहून २६ किलोमीटरवरील बाळापुरांत मिर्झाराजे जयसिंगाची म्हणून प्रसिद्ध असलेली काळ्या दगडाची छत्री नदीकांठीं आहे, आणि मन व म्हैस या नद्यांच्या मध्यें उंचवट्यावर १७५७ सालीं पुरा झालेला किल्ला आहे. काळा दगड उन्हांत ठिक्कर पडतो. ढगाळ दिवशीं मात्र त्याच्यावरील नक्षी स्वच्छ उमटते. अकोल्यास मोर्णेच्या कांठीं औरंगजेबाच्या अमदानींतील असदगड आहे. अमरावतीस पेंढाऱ्यांच्या भयानें १८०७ सालीं सुरू झालेला, सव्वादोन मैल घेराचा परकोट आहे. त्याच्या अंबागेटपाशीं सकाळच्या प्रहरीं अंबादेवीच्या दर्शनास निघालेल्या लोकांची रहदारी असते, आणि परकोटाचीं चित्रें नुसत्या भिंतीपेक्षां या रहदारीसह अधिक शोभतात. १९०३ मध्यें वऱ्हाड मध्यप्रांतास जोडला गेला आणि राजधानी नागपुरास गेली. १९५६ नंतर तीहि मुंबईकडे सरकली.

ऋतूविषयीं चार शब्द. आमचा प्रदेश २१ अक्षांशाच्या आसपास आहे. त्यामुळें मेच्या अखेरीस व जुलैच्या मध्यास भर दोन प्रहरीं सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि सावली पायांखालीं नाहींशी होते. तेव्हां कोणत्याहि इमारतीचें चित्र सपक येणारच. शिवाय वैशाखांतील धुरकट हवेंत सातपुडा दिसेनासा होतो. उलट डिसेंबरांत भर दोन प्रहरींहि सूर्य सुमारें ४५ अंशांवरच असतो, म्हणून दिवसभर सावल्या लांब मिळतात. परंतु सप्टेंबरच्या अखेरीपासून मार्चच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत उत्तराभिमुख भिंतीवर थेट ऊन पडत नाहीं, हें ध्यानांत धरावें. तेव्हां दिशा पाहून वेळ ठरवावी: पूर्वेकडील दरवाजा सकाळीं, पश्चिमेकडील सायंकाळीं, उत्तरेकडील ढगाळ दिवशीं. दसऱ्यापासून माघापर्यंतचा काळ आम्हांस सर्वांत सोयीचा वाटतो.

ही खटपट कशासाठीं, असें घरांतील वडील मंडळी विचारतील. त्यांस आम्ही आमच्या घरांतील एक जुनें छायाचित्र दाखवूं. पागोटीं घातलेले पांच गृहस्थ एका कमानीखालीं उभे आहेत. मधले आमचे पणजोबा, एवढें ठाऊक आहे. उरलेले चौघे कोण, आणि ती कमान कोणती, याविषयीं घरांत दोन पक्ष आहेत: एक अंबागेट म्हणतो, दुसरा अचलपूरचा दरवाजा म्हणतो. ज्यांना नक्की सांगतां आलें असतें अशा आजी वारल्यास आतां पुष्कळ वर्षें झालीं. चित्राच्या मागें दोन ओळी लिहिल्या असत्या तर पांच माणसें आणि एक वेस हीं दोन्ही वांचलीं असतीं.

माणसांप्रमाणें दगडहि जातात. परकोटाला टेकून घरें उठलीं आहेत, आणि भिंतीचा किती भाग त्यांच्या मागें लपला हें वाटेनें जाणाऱ्यास कळतहि नाहीं. मूर्तिजापूरहून अचलपुरास ७६ किलोमीटर धांवणारी ‘शकुंतला’ ही चिमुकली आगगाडी कित्येक पिढ्यांनीं वापरली. मँचेस्टरास १९२१ सालीं बांधलेलें तिचें वाफेचें एंजिन १९९४ पर्यंत चाललें. आतां गाडीच बंद आहे. ज्यांनीं त्या गाडींत बसलेल्या आपल्या मामा-मावशांचें चित्र घेऊन ठेविलें, त्यांच्याजवळ आज अशी वस्तु आहे जी पैसा देऊन मिळावयाची नाहीं.

म्हणून आमची सूचना अशी आहे. जाण्यापूर्वीं यादव माधव काळे यांचा १९२४ सालचा ‘वऱ्हाडचा इतिहास’ मिळाल्यास चाळावा. प्रत्येक कुटुंबानें वऱ्हाडांतील एक वेस, एक बुरूज किंवा एक हौद आपला मानावा. दर पांच वर्षांनीं त्याच जागीं, त्याच बाजूनें, घरांतील सर्वांत वडील व सर्वांत लहान माणसास उभें करून एक चित्र घ्यावें. तें केवळ मोबाइलमध्यें न ठेवतां कागदावर छापून घ्यावें, आणि मागें शाईनें जागा, तारीख, दिशा व सर्वांचीं नांवें लिहावीं. खर्च फार नाहीं, श्रम एका रविवारचे आहेत; आणि पुढच्या पिढीला घरांत दोन पक्ष करून बसावें लागणार नाहीं.