नाव काढणे

'नाव काढणे' या वाक्प्रचाराला मराठीत निदान तीन अर्थ आहेत. मुलगा घराण्याचे नाव काढतो तेव्हा तो कीर्ती मिळवतो. शाळा पटावरून नाव काढते तेव्हा ती त्याला वजा करते. आणि घरातली वडीलधारी माणसे 'त्याचं नाव काढू नका' असे म्हणतात तेव्हा त्यांना त्या गोष्टीचा उच्चारदेखील नको असतो. हे तिन्ही अर्थ आम्ही वर्षानुवर्षे फळ्यावर लिहीत आलो. एकाच घरात, एकाच मुलाच्या संदर्भात ते तिन्ही ऐकावे लागतील, असे मात्र कधी वाटले नव्हते.

आम्ही दोघे माढ्यात मराठी शिकवतो. बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाचा एक विद्यार्थी महिनाभर वर्गात दिसला नाही, म्हणून चौकशी केली. त्याच्या धाकट्या भावाला, सातवीतल्या मुलाला, रक्ताचा कर्करोग झाला होता. मुंबईचा पहिला टप्पा संपवून मुलगा घरी आल्यावर आम्ही वस्तीवर गेलो. उंबऱ्यातच आजींनी आम्हांला थांबवले. "पोराच्या म्होरं त्याचं नाव काढू नगा, सर." आत गेल्यावर काही वेळाने तोच मुलगा आम्हांला सांगू लागला, की प्लेटलेट कमी भरल्या म्हणून मागच्या खेपेला डोस आठ दिवस पुढे ढकलला होता, शेजारच्या खाटेवरच्या मुलाचा मात्र वेळेवर झाला. बोलता बोलता आजी चहा घेऊन आल्या आणि त्याने विषय बदलून क्रिकेटचा काढला.

हा विषय बदलणेच आमच्या मनात घर करून राहिले. मायरा ब्लूबाँड-लँगनर या मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी अमेरिकेतील एका रुग्णालयात ल्यूकेमिया झालेल्या लहान मुलांमध्ये वावरून जे टिपले, ते त्यांच्या १९७८ सालच्या पुस्तकात आले आहे. वयाने आमच्या या मुलापेक्षाही लहान असलेल्या त्या मुलांना मोठ्यांनी काही सांगितलेले नव्हते. तरी आपला आजार काय, तो कोठवर आला आहे, हे त्यांना ठाऊक होते. ते ज्ञान त्यांना मुख्यतः एकमेकांकडून, औषधांच्या नावांवरून, मोठ्यांच्या अर्धवट थांबलेल्या वाक्यांवरून मिळाले होते. आणि आपल्याला ठाऊक आहे हे आईबापांना कळू नये, याची काळजी मुलेच घेत होती. आईबाप मुलांसाठी गप्प आणि मुले आईबापांसाठी गप्प. आपण मुलाला सांभाळतो आहोत असे घर समजते, तेव्हा पुष्कळदा मूलच घराला सांभाळत असते.

मराठी प्रेक्षकाला हा पेच 'श्वास'ने दाखवला. माधवी घारपुरे यांच्या कथेवरून संदीप सावंत यांनी केलेला हा चित्रपट २००४ मध्ये प्रदर्शित झाला. त्याच्या सुवर्णकमळाची आणि ऑस्करवारीची चर्चा इतकी झाली, की त्यातला मूळ प्रश्न बाजूला पडला असे आम्हांला वाटते. कोकणातल्या परशुरामच्या डोळ्यांत कर्करोग आहे; जीव वाचवायचा तर दृष्टी जाणार. डॉक्टरांचा आग्रह असा, की मुलाला हे सांगितल्याखेरीज शस्त्रक्रिया करायची नाही. वर्गात या चित्रपटावर बोलताना विद्यार्थी आजोबांच्या वेदनेबद्दल भरभरून लिहितात. तो आग्रह मात्र बहुतेकांना निष्ठुर वाटतो. आमच्या मते त्या रुग्णालयात मुलाला 'माणूस' मानणारे ते पहिले वाक्य आहे. मात्र ते वाक्य कोणी, कोणत्या शब्दांत आणि केव्हा उच्चारायचे, हे डॉक्टरांच्या शिक्षणात सहसा बसत नाही. तेथे आसावरी ही समाजसेविका लागते.

शब्दांचा मुद्दा निघालाच आहे म्हणून थोडे विषयांतर. आयुर्वेदात गाठीला 'अर्बुद' म्हणतात. तो शब्द बोलीत उतरला नाही. 'कर्क' म्हणजे खेकडा, आणि ग्रीक वैद्यांनीही या रोगाला खेकड्याचेच नाव दिले होते. आमच्याकडे मात्र कोणी 'कर्करोग' म्हणत नाही. 'कॅन्सर' हा शब्दही खालच्या आवाजात येतो. एरवी 'मोठा आजार', 'गाठीचं दुखणं', किंवा नुसतेच 'तसलं काहीतरी'. भीतीपोटी भाषा अशी आडवळणे घेते, त्यात नवल नाही. पण ही भीती बोलण्याने कमी होते याचा पुरावा शोधायला आम्हांला फार दूर जावे लागत नाही. शेजारच्या बार्शीत नर्गिस दत्त यांच्या नावाचे कर्करोग रुग्णालय आहे. १९८७ पासून तेथे ग्रामीण भागातील कर्करुग्णांची नोंदणी सुरू झाली. देशातली अशा प्रकारची ती पहिलीच. बार्शी तालुका आणि आता धाराशिव म्हणवल्या जाणाऱ्या जिल्ह्यातले परंडा व भूम हे तालुके तिच्या कक्षेत होते. रुग्ण येण्याची वाट पाहत न बसता तिचे कार्यकर्ते गावोगाव जात, लोकांशी बोलत, लक्षणे सांगत. नोंद होण्याआधी नाव घेतले जावे लागते, हे त्यांनी ओळखले होते.

मुलांच्या बाबतीत प्रश्न अधिक लांबतो, कारण उपचारच लांबतो. या जातीच्या ल्यूकेमियाचा उपचार दोन-अडीच वर्षे चालतो. सुरुवातीचे महिने कठीण. पुढे घरी राहून रोजच्या गोळ्या आणि ठराविक काळाने तपासणी. रात्री कुर्डुवाडीला 'सिद्धेश्वर' धरायची, पहाटे दादरला उतरायचे, परळ गाठायचे. दादरला गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा आहे. पंढरपूरची धर्मशाळा पाहिलेल्या आमच्या भागातील माणसाला ते नाव वाचून परक्या शहरातही धीर येतो. 'सेंट ज्यूड इंडिया चाइल्डकेअर सेंटर्स' ही संस्था २००६ पासून अशा कुटुंबांना विनामूल्य निवारा आणि त्याबरोबर समुपदेशन देत आली आहे. २००४ पासून काम करणाऱ्या 'कॅनकिड्स'ने मुंबईत उपचार घेणाऱ्या मुलांसाठी 'कॅनशाला' नावाची शाळाच काढली. श्रीमंत देशांत कर्करोग झालेल्या मुलांपैकी ऐंशी टक्क्यांहून अधिक बरी होतात आणि अनेक गरीब देशांत तीस टक्क्यांहूनही कमी, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. या तफावतीच्या कारणांत उशिरा होणारे निदान आहे, तसेच मध्येच सोडलेले उपचारही आहेत. उपचार सुटतो तो केवळ पैशापायी नव्हे. ज्या घराने मनातल्या मनात मूल गमावलेलेच असते, तेथे पुढच्या खेपेचे तिकीट काढायला हात उठत नाही.

मुंबईत हे सारे आहे. प्रश्न गावात परतल्यावर सुरू होतो. आमच्या या मुलाच्या वडिलांना शाळेत सांगण्यात आले, की दाखला घेऊन जा, बरा झाला की बघू. कोणत्या शाळेत, हे महत्त्वाचे नाही. अन्यत्रही हेच ऐकायला मिळाले असते. त्यामागे दुष्टावा नव्हता. एक प्रकारची दयाच होती, आणि तीच अधिक जड जाते. सातवीतल्या मुलाला 'तुझे नाव काढले' याचा अर्थ कोणी समजावून द्यावा लागत नाही. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यात, शिक्षण मागे राहिलेल्या मुलाला वयानुरूप वर्गात बसवून विशेष प्रशिक्षण देण्याची तरतूद आहे. ती बहुधा शाळाबाह्य मुलांच्या संदर्भात आठवली जाते. आजारी मुलासाठी कोणाला आठवत नाही. वडिलांबरोबर जाऊन आम्ही ती दाखवली आणि मुलगा आठवीच्या पटावर आला. कायदा इतपतच करू शकतो.

उरलेले काम वर्गशिक्षिकेने केले. मुलगा यायच्या आदल्या दिवशी, त्याची परवानगी घेऊन, त्यांनी वर्गाला आजाराचे नाव सांगितले. पहिला प्रश्न आला, "बाई, शिवल्यावर लागतं का?" दुसरा, "केस परत येतात का?" तिसरा विचारायला एक मुलगी उभी राहिली आणि न विचारताच खाली बसली. लागत नाही, येतात, एवढे सांगून बाईंनी उलट अट घातली: ज्याला सर्दी-ताप असेल त्याने त्याच्याजवळ बसायचे नाही, कारण धोका त्यालाच आहे. आपल्यापासून त्याला जपायचे, हे वर्गाला पटले, आणि आवडलेही.

थोरल्या भावाबद्दल कोणी विचारले नव्हते. दोन वर्षे घरातली प्रत्येक नजर धाकट्यावर. ऊस, गुरे आणि आजी मात्र याच्यावर. पहिल्या सत्रात तो दोन विषयांत राहिला. त्याला विचारल्यावर तो म्हणाला, "मला काय झालंय, सर?" हे वाक्य त्याच्या तोंडी तक्रार म्हणून आले, की कबुली म्हणून, हे आम्हांला अजून ठरवता आलेले नाही. आता आठवड्यातून एकदा तो आमच्याकडे येऊन बसतो. भावाबद्दल बोलायचे नाही, एवढी अट त्याने घातली आहे आणि ती तोच मोडतो.

उपचार अजून चालू आहेत. आजी आजही ते नाव घेत नाहीत. त्या 'मुंबईचं दुखणं' म्हणतात, आणि त्यांच्यासमोर धाकटाही तेच म्हणतो. गेल्या महिन्यात त्याने रजेचा अर्ज लिहून भावाच्या हाती आमच्याकडे तपासायला पाठवला. विषय, मायना, सारे पुस्तकात असते तसे. आणि कारणाच्या जागी, 'ल्यूकेमियाच्या तपासणीसाठी मुंबईस जावयाचे असल्याने'. आम्ही एक स्वल्पविराम घालून तो परत दिला.